दुबार वगळले

मी भित्रा माणूस आहे हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला माझ्याकडून उगाच पराक्रमाची अपेक्षा राहणार नाही. पाल, शाळातपासणी, सासुरवाडीचे पाहुणे आणि कॉम्प्युटरवर अचानक उमटणारी लाल अक्षरं, या चार गोष्टींना मी घाबरतो. पहिल्या तिन्हींपासून काहीतरी निमित्त काढून पळता येतं. चौथी मात्र मी स्वतःच्या हातानं ओढवून घेतली, तीही एका वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रापायी.

नांदुऱ्यातल्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो. लॉकडाऊनमध्ये लोक घरी बसून केक करायला शिकले, मी पायथन शिकलो. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामाला लावायची एक भाषा. केक शिकणाऱ्यांची वजनं वाढली, माझी फक्त प्रतिष्ठा वाढली, कारण मागच्या जूनमध्ये मी शाळेसाठी एक प्रोग्राम लिहिला. पटावरच्या मुलांची यादी त्यात टाकायची. एकच मूल दोनदा लिहिलं गेलं असेल तर तो शोधून काढायचा, पहिली नोंद कायम ठेवायचा, पुढच्या वगळायचा आणि वर पाठवायची स्वच्छ यादी काढून द्यायचा. दुबार नावं हा शाळांच्या जिवाला लागलेला घोर आहे. एक जरी दुबार नाव वर गेलं तरी खुलासा मागवतात, आणि खुलासा दिला की खुलाशाचा खुलासा मागवतात. पूर्वी हे काम आमचे मोठे बाबू हिंमतराव पट्टी आणि लाल पेन घेऊन आठ दिवस करत बसायचे. माझा प्रोग्राम ते आठ सेकंदांत करायचा. तेव्हापासून शिपायापासून मुख्याध्यापिका धम्मशीला मॅडमपर्यंत सगळे मला 'कॉम्प्युटरवाले सर' म्हणू लागले, आणि मी खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

यंदा पट उतरला. वरून आलेल्या पत्राप्रमाणे तीनशे सोळा मुलं भरली तरच आमची सगळी पदं टिकणार होती. तीनशे पंधरा झाली की एक शिक्षक अतिरिक्त. हा शब्द ज्यानं काढला त्याला तो स्वतःबद्दल कधी ऐकावा लागला नसणार. अतिरिक्त होतो तो सगळ्यात शेवटी लागलेला माणूस, म्हणजे आमच्याकडे विज्ञानाच्या मलिहा मॅडम. रिकामी जागा होती ती लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरला. नांदुरा जिल्ह्याच्या या टोकाला, सुलतानपूर त्या टोकाला. मलिहा मॅडमच्या अम्मीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खामगावला न्यावं लागतं, आणि नेणारं दुसरं कुणी नाही. 'यादी गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत समक्ष सादर न केल्यास पट निरंक समजण्यात येईल,' असं पत्राच्या शेवटी होतं. निरंक म्हणजे शून्य. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पाणी प्यायलो.

पण मलिहा मॅडम निश्चिंत होत्या. "सर, तुमचा प्रोग्राम हाय ना," त्या म्हणाल्या. या एका वाक्यानं पुढचे पंधरा दिवस माझी झोप खाल्ली.

आता तुम्ही म्हणाल, आठ सेकंदांचं काम होतं तर तेव्हाच का नाही केलं? मुलांचे दाखले यायचे होते. तोवर हात रिकामे होते, आणि धम्मशीला मॅडमचा वाढदिवस आला होता. माझ्या मनात आलं की एक छोटासा प्रोग्राम करावा, ज्यात स्टाफपैकी कुणाचाही फोटो टाकला की भोवती फुलं आणि खाली शुभेच्छा आपोआप उमटतील. त्यासाठी एक नवी लायब्ररी उतरवून घ्यावी लागली. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच करून ठेवलेलं तयार सामान. आपण ते आणायचं आणि वापरायचं. या नव्या सामानानं आत शिरल्या शिरल्या माझं जुनं सामान बाहेर काढलं आणि त्याच नावाचं नव्या नंबरचं सामान त्या जागी आणून ठेवलं. मला न विचारता. शुभेच्छापत्र झकास झालं, मॅडमच्या डोक्याभोवती झेंडूही आले. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून पटाचा प्रोग्राम चालवून पाहिला, तर स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत लाल अक्षरं.

हिंमतराव मागे उभेच होते. ते म्हणाले, "सर, बंद करा, शंभर आकडे मोजा आन् चालू करा. माह्या सर्विसमंदी मी असे लय कॉम्प्युटर सुधारले." मी शंभर मोजले. भीतीपोटी दोनशे मोजले. अक्षरं लालच होती.

घरी आलो तर शेजारचे अकीलभाई कुंपणापाशी उभे. त्यांचं बस स्टँडजवळ ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा असतो. "फॉरमॅट मारून टाका सर," ते म्हणाले. मी म्हटलं, अहो, त्यात शाळेचं सगळं आहे. "मंग तं नक्कीच मारा," अकीलभाई म्हणाले, "सगळं असल्यानंच तं अडकून राह्यलं ते." समोरचे गोकुळभाऊ, रिटायर्ड कंडक्टर, त्यांनी तर कॉम्प्युटरचं तोंड पूर्वेकडे करायला सांगितलं. आणि लाज वाटते सांगायला, पण दुसऱ्या दिवशी मी टेबल थोडंसं फिरवून पाहिलं.

शेवटी पुतणीला फोन लावला. डिंपल पुण्याला एका कंपनीत आहे आणि तिचा पगार मी कुणाला सांगत नाही, कारण त्यानंतर लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. ती म्हणाली, "काका, तुम्ही सगळं एकाच पायथनमधी कोंबून राह्यले काय? अहो, एकाच नावाची लायब्ररी असते, पण एका प्रोग्रामले जुनी लागते आन् दुसऱ्याले नवी. दोघायले वेगळी खोली करून द्या. याच्या खोलीत काय चाललं ते त्याले दिसत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात त्याले."

फोन स्पीकरवर होता. मी कागद घेऊन आकृती काढायला लागलो, तोच कौशल्या, म्हणजे आमचं कुटुंब, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आपलं मटणाचं पातेलं."

इथे थोडं सांगायला हवं. कौशल्या माळकरी घरातली. मी नाही. त्यामुळे आमच्या अंगणात माझ्यासाठी वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळा पळा आणि वेगळा तिखटाचा डबा आहे. घरातल्या डब्यात आणि अंगणातल्या डब्यात एकाच चक्कीवरचं तिखट असतं, पण इकडचा चमचा तिकडे गेला की आठ दिवस बोलणं बंद. बावीस वर्षं मी हे पाळत आलो. मला चार दिवस आणि दोन आकृत्या लागल्या असत्या ते कौशल्याला भाजी चिरता चिरता कळलं. डिंपल फोनवर म्हणाली, "काकू, तुमाले माह्या टीममधी घेतो." टीममधल्या माझ्या जागेबद्दल ती काही बोलली नाही.

तर मी खोल्या बांधल्या. पहिली खोली शुभेच्छापत्रांना दिली, कारण घाण करणाऱ्याला आधी वेगळं काढावं असं वाटलं. दुसरी पटाच्या प्रोग्रामला. त्यात जुन्या नंबरचं सामान शोधून भरायला दोन दिवस गेले, पण शेवटी प्रोग्राम चालला आणि मी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण भीतीला चटक लागते. मला वाटायला लागलं की वेळापत्रकाचा प्रोग्राम उद्या बिघडला तर? त्याला तिसरी खोली. सहलीच्या बसचा? चौथी. नुसत्या बेरजा करणारा पाच ओळींचा एक प्रोग्राम होता, ज्याला कुठलंच सामान लागत नव्हतं, त्यालाही एक स्वतंत्र खोली दिली आणि आत सगळं सामान भरून ठेवलं, न जाणो कधी लागलं तर. अशा अकरा खोल्या झाल्या. नावं द्यायला सुचेना म्हणून नंबर दिले: खोली एक, खोली दोन, थेट अकरापर्यंत. डिंपलनं बजावलं होतं, "काका, कोणत्या खोलीत कोणतं सामान, कोणत्या नंबरचं, त्याची यादी काढून ठेवा. एका ओळीचं काम हाय." मी हो म्हटलं. एका ओळीचं काम असल्यामुळे ते कधीही करता येणार होतं, म्हणून ते राहिलं.

बुधवारी दुपारी ऑफिसातून निरोप आला की कॉम्प्युटरमध्ये जागाच उरली नाही, स्कॅनर दाखले घेत नाही. मी सातवी ब वर गुणोत्तर शिकवत होतो. हिंमतराव वर्गाच्या दारात एक कागद घेऊन आले. "सर, इथं सही." मी सही केली. शाळेत नोकरी करणारा माणूस कागद वाचून सही करायला लागला तर घरी कधी जाईल?

गुरुवारी सकाळी दाखले पूर्ण झाले. सगळी मिळून तीनशे एकतीस नोंदी होत्या, दुबार धरून. मी कॉम्प्युटरसमोर बसलो, आठ सेकंद मोजायला घड्याळाकडे पाहिलं आणि खोली दोन उघडायला गेलो. खोली दोन नव्हती. तीन नव्हती. चार नव्हती. एकटी खोली एक होती. मी टेबलाची कड धरली.

"हिंमतराव," मी म्हणालो, "इथले फोल्डर कुठे गेले?"

"दुबार होते ना सर," हिंमतराव अगदी प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. "अकरा फोल्डर. मी एकेक उघडून पाह्यला. सगळ्यायमंदी तेच. तेच तीन फोल्डर आत, तीच नावं. म्हटलं सर शिस्तीचे, पन यायच्या हातून दुबार झालं. पयली नोंद कायम ठेवली, बाकीच्या दहा वगळल्या." आणि त्यांनी कपाटातून फाईल काढली. 'कार्यालयीन संगणकातील दुबार फोल्डर वगळणेबाबत.' जावक क्रमांकासहित. खाली धम्मशीला मॅडमची सही, हिंमतरावांची सही, आणि 'तपासून खात्री केली' याच्यापुढे माझी.

"रिसायकल बिनमध्ये असतील," मी म्हणालो.

"तेही रिकामं केलं. कचरा काऊन ठेवायचा?"

माणसाच्या आयुष्यात ओरडावंसं वाटण्याचे काही प्रसंग येतात. पण हिंमतरावांचा दोष काय होता? तीस वर्षं त्यांनी सरकारी नियमानं दुबार काढले. तरी मी त्यांना बोललो. "एकाच नावाच्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, एवढं कळत नाही तुम्हाला?" असं म्हणालो, आणि तेही धम्मशीला मॅडमच्या देखत. हिंमतरावांनी फाईल बंद केली आणि दोरी बांधली.

नवी खोली बांधायची तर सामान इंटरनेटवरून उतरवावं लागतं. आमच्या रस्त्यावर नाली खोदून राहिले होते आणि चार दिवसांपासून शाळेची लाईन तुटलेली होती. मोबाईलवर एक काडी रेंज यायची, तीही मी खिडकीच्या गजाला धरून उभा राहिलो तर. मी मॅडमना म्हणालो, मुलांची यादी घेऊन अकीलभाईंच्या दुकानात जातो. धम्मशीला मॅडमनी चष्मा काढला. "सर, पोरायची माहिती शाळेबाहेर जानार नाही. कोनाच्या दुकानात तं नाहीच. तुमची खोली तुमी बाहेर बांधून आना." मॅडमचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाची मला जास्तच भीती वाटते.

मी मुलांचं एकही नाव न घेता, पेन ड्राईव्हमध्ये नुसता प्रोग्राम टाकून बस स्टँडकडे निघालो. वाटेत दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मलिहा मॅडम वर्गाला काहीतरी समजावून सांगताना दिसल्या. त्यांनी मला पाहून मान हलवली. मी मान खाली घातली आणि भिंतीच्या कडेनं गेलो.

अकीलभाईंच्या दुकानात फॉर्म भरायला वीस माणसं. अकीलभाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि मला आतलं मशीन दिलं. "सर, आरामात करा," असं म्हणून ते माझ्या खांद्यावरून वाकून पाहत राहिले, आणि त्यांच्या मागून वीस माणसंही. कोणत्या नंबरचं सामान लागेल ते आठवेना, कारण ती एका ओळीची यादी मी काढलेलीच नव्हती. एक नंबर आणला, लाल. दुसरा आणला, लाल. प्रत्येक लाल ओळीला मागचे लोक चुकचुकायचे. शेतकऱ्याचा फॉर्म भरायला आलेले एक आजोबा म्हणाले, "सायबाचा बी रिजेक्ट झाला वाटते." सातव्या खेपेला सामान जुळलं. खोटी नावं टाकून पाहिलं, प्रोग्राम चालला. मी अख्खी खोली पेन ड्राईव्हमध्ये भरली आणि धावत सुटलो. छप्पन्नाव्या वर्षी, दुपारी सव्वा एकच्या उन्हात, नांदुऱ्याच्या भर बाजारातून गणिताचा मास्तर धावताना लोकांनी पाहिला.

शाळेच्या कॉम्प्युटरवर खोली ठेवली. चालवली. एकच ओळ आली: अकीलभाईंच्या मशीनवरचा पायथन सापडत नाही. पत्त्यासकट होतं ते, अकीलभाईंच्या नावानिशी. मी पुन्हा चालवलं. खोली पुन्हा अकीलभाईंचंच घर विचारू लागली.

खिडकीच्या गजाला धरून डिंपलला फोन लावला. ती मीटिंगमधून बाहेर येऊन दबक्या आवाजात बोलत होती. "काका, खोली उचलून नेता येत नाही हो. जिथं बांधली तिथलाच पत्ता तिच्यात पक्का असतो. खोली नाही नेत, यादी नेतात. यादी काढली होती ना तुम्ही?" मी उत्तर दिलं नाही. रेंज गेली असं तिला वाटलं असावं, आणि मीही तसंच वाटू दिलं.

पावणेदोन वाजले होते. आता मलिहा मॅडमना सांगणं भाग होतं. मी तीन वेळा जिना चढलो आणि तीन वेळा पाणी प्यायचं आहे असं दाखवून उतरलो. शेवटी त्याच खाली आल्या. मी सगळं सांगितलं, शुभेच्छापत्रापासून. मी म्हटलं, तुमचं पद माझ्यामुळे जाईल, मला फार भीती वाटते आहे.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सर, मले सकाळीच सांगाचं ना. भीती तं मलेई वाटून राह्यली, पन आता तीन तास हायेत. तीनशे एकतीस नावं हायेत. रजिस्टर कुठं हाय?"

रजिस्टर! त्या कॉम्प्युटरच्या आधीही शाळेत मुलं होतीच, हे मी विसरून गेलो होतो. मी हिंमतरावांकडे पाहिलं. सकाळच्या बोलण्यानंतर त्यांच्याशी डोळा भिडवायची हिंमत नव्हती. पण त्यांनी पट्टी आणि लाल पेन काढलं, टेबल पुसलं आणि बसायला जागा करून दिली.

हिंमतराव नावं वाचायचे, मलिहा मॅडम वर्गाच्या हजेरीशी ताडून बघायच्या, मी टिपून घ्यायचो, आणि मधेच धम्मशीला मॅडम स्वतः चहाचे कप आणून ठेवायच्या. कुणी दोनदा आलं की लाल रेघ. सहावीतला एक मुलगा दोन्ही तुकड्यांत होता, कारण त्यानं मधेच तुकडी बदलली होती. एक मुलगी आजोळच्या आडनावानं आणि घरच्या आडनावानं वेगळी आली होती. माझ्या प्रोग्रामला ती कधीच सापडली नसती; हिंमतरावांना तिचे आजोबा माहीत होते. साडेतीनपर्यंत पंधरा रेघा पडल्या. शेवटचं पान उलटायचं राहिलं होतं, आणि मी मनात वजाबाकी करून बसलो होतो. तीनशे सोळा. एक रेघही आता परवडणार नव्हती.

"शेख मुबीना शकूर," हिंमतरावांनी वाचलं. "आठवी अ. जन्म एक जून." आणि दोन ओळी खाली येऊन थांबले. "शेख मुबीना शकूर. आठवी ब. जन्म एक जून. सालई तेच." त्यांनी पेन उचललं. "हे दुबार हाय सर."

तीनशे पंधरा. मी मलिहा मॅडमकडे पाहू शकलो नाही.

"थांबा," मलिहा मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्थिर होता. "रेघ नका मारू. ह्या दोघी हायेत. मी दोघीयलेई शिकवतो. आईचं नाव पाहा. एकीची आई बिस्मिल्ला, दुसरीची खैरून. शकूर दोन हायेत, एक गॅरेजवाला आन् एक भाजीवाला. आन् तारीख तं ज्याची माहीत नसन त्याची तुमीच एक जून टाकता ना, बाबू?"

हिंमतरावांनी चष्मा वर करून दोन्ही ओळी पाहिल्या. मग लाल पेनाला टोपण घातलं. "हाव. टाकतो," ते म्हणाले.

तीनशे सोळा. धम्मशीला मॅडमनी सही केली, शिक्का मारला. हिंमतराव यादी पिशवीत घालून मोटरसायकलवर बसले आणि साडेचारला तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात यादी देऊन पोच घेऊन आलेही. मलिहा मॅडम कोपऱ्यात जाऊन अम्मीला फोन करत होत्या आणि ओढणीनं डोळे पुसत होत्या. धम्मशीला मॅडमनी पेढे मागवा म्हटलं. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, जणू मीही काही केलं होतं.

मला हसू येत नव्हतं. एक गोष्ट डोक्यात आली होती आणि जात नव्हती. प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख एवढंच मी ताडून बघायला लावलं होतं. आईचं नाव मी घेतलंच नव्हतं. तो आज चालला असता तर त्यानं आठ सेकंदांत पहिली मुबीना ठेवली असती, दुसरी वगळली असती, आणि मलिहा मॅडम सुलतानपूरला गेल्या असत्या. आणि मागच्या जूनमध्ये तो चालला होता. अगदी व्यवस्थित चालला होता.

मलिहा मॅडम फोन ठेवून आल्या. "सर," त्यांनी हळूच विचारलं, "मागच्या वर्षीच्या फुकट पुस्तकायची मागणी कोनत्या यादीवरून गेली होती?"

मला आठवलं. मागच्या वर्षी मी सातवी ब ला होतो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी गणिताचं पुस्तक कधीच आणायची नाही. मी तिला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली होती, "सर, माह्यं नाव यादीत नाई म्हनतात." आणि मी, कॉम्प्युटरवाले सर, सगळ्या वर्गासमोर म्हणालो होतो, यादी कॉम्प्युटरनं काढली आहे, ती चुकत नाही, बहाणे सांगू नकोस.

पाच वाजता घंटा झाली. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आयुष्यात इतका कुणालाच घाबरलो नसेन. दोन्ही मुबीना बरोबरच येत होत्या, दोघी मिळून एक दप्तर धरून. मी आठवी ब च्या मुबीनाला हाक मारली. ती दचकून थांबली आणि घाईघाईनं म्हणाली, "सर, आज पुस्तक आनलं मी. हिचं हाय, पन आनलं."

मी तिला सांगितलं. जमेल तसं, अडखळत सांगितलं. की नाव नव्हतं ते माझ्यामुळे. यादी माझी होती, चूक माझी होती, ती खरं बोलत होती आणि मी तिला बाहेर उभं केलं. यंदाची पुस्तकं तिच्या नावानं येतील, न आली तर मी आणून देईन. ती खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं ती रडेल, किंवा मग मीच.

"मंग सर," तिनं विचारलं, "मागच्या वर्षी मी शाळेत होती ना?"

"होतीस," मी म्हणालो. "होतीस बेटा."

तिनं लगेच दुसऱ्या मुबीनाला कोपरानं ढोसलं. "पाह्य बे," ती म्हणाली, "मी तुले सांगत नव्हती?"